दूरचे शिक्षण आणि अनुदानाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय दिला तो असा : ग्रामीण शाळा व समुदाय महाविद्यालये यांच्या दूरशिक्षणासाठी मिळणारे अनुदान. विषयाचे नाव ऐकून युनियनच्या कचेरीतील एका सोबत्याने विचारले, ‘दादा, लोक झोपणार नाहीत ना?’ आम्ही म्हटले, चैत्रातल्या ठाण्यात ज्याला झोप लागेल त्याला खुशाल लागू दे, सभागृहातले पंखे चालू आहेत एवढे तरी त्यावरून सिद्ध होईल. पंखे चालू असणे ही लहान गोष्ट नाही. आजच्या व्याख्यानाचा निम्मा भाग त्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आम्ही विद्वान नाही. आठवीनंतर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागलो आणि पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, संघटनेच्या कामात आणि टपालाने आलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा शिक्षणशास्त्रावर आमच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. आम्हाला एकच विद्या थोडीफार येते, ती म्हणजे पगारपत्रक वाचण्याची. कोणती रक्कम मूळ वेतनात धरली आहे आणि कोणती नुसती वर टेकवली आहे, हे कामगार संघटनेच्या माणसाला अंधारातही कळते. त्याच नजरेने या अनुदानाकडे पाहावे म्हणतो.

अनुदान हा शब्द कामगाराला नवा नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीच्या तोंडावर जी रक्कम मिळते तिला कागदोपत्री बोनस म्हणत नाहीत, सानुग्रह अनुदान म्हणतात. त्यात अनुग्रहही आला आणि दानही आले, हक्क तेवढा बाहेर राहिला. बोनसच्या पैशातून घरात मिक्सर येतो. पण तो मिक्सर चालतो पगारातून भरलेल्या वीजबिलावर. ज्या घरात बोनस आला आणि पगार थांबला, त्या घरातला मिक्सर महिन्याभरात फळीवर जातो. आपल्या ग्रामीण शाळांत नेमके हेच झाले आहे. दूरशिक्षणाच्या नावाने त्यांना पुष्कळदा बोनस मिळाला. पगार क्वचितच मिळाला.

खोपटच्या एसटी स्थानकापासून आपण फार लांब नाही. ठाणे म्हणजे मेट्रोचे खांब आणि घोडबंदरचे मनोरे अशी आता समजूत झाली आहे. पण याच ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड हे तालुके आहेत. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी मुंबईला पोहोचते, तेथून परत ज्ञान पाठवायचे म्हटले की मात्र वाटेत नाना अडचणी येतात. आसनगावला लोकलमधून उतरायचे, पुढे एसटी, आणि शेवटचा टप्पा पायी. अशा एका पाड्यावरची चौथीपर्यंतची शाळा आम्ही पाहिली. गावाचे नाव सांगत नाही, कारण गुरुजींना उगाच त्रास नको. पट बावीस, शिक्षक दोन. कपाटात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला मोठा टीव्ही होता. कोणा दात्याने दिलेला, फीत कापून बसवलेला. बिल थकले म्हणून वीज तोडली आणि उंदरांनी तारा खाऊ नयेत म्हणून गुरुजींनी टीव्ही कपाटात ठेवला. मुले त्याला ‘आमचा टीव्ही’ म्हणत होती. त्यांनी तो दोनदा पाहिला होता.

आता पगारपत्रक पाहू. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाला 10,000 रुपये ठरले आहेत. पट 31 ते 100 असेल तर 25,000. या पैशातून खडू, फळा, रजिस्टरे, पिण्याचे पाणी, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल आणि असलेच तर इंटरनेट, हे सारे करायचे. किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. म्हणजे बावीस मुलांच्या शाळेकडे उरले 9,000, महिन्याला 750 रुपये. या सभागृहातल्या किती घरांचे विजेचे बिल 750 रुपयांत भागते? पुन्हा हे पैसे जूनमध्ये शाळा उघडताना हाती येतात असे समजू नका. ते पुष्कळदा वर्ष सरत आले की येतात आणि मार्चअखेर खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. जूनचे बिल मार्चच्या पैशाने भरता येत नाही, हे शाळेतल्या मुलालाही समजेल.

सरकारला हे अगदीच समजलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना संगणक प्रयोगशाळेसाठी 6 लाख 40 हजारांपर्यंत एकदाच, आणि पुढे पाच वर्षे दरसाल 2 लाख 40 हजारांपर्यंत चालू खर्च धरला आहे. चालू खर्च धरला ही चांगली गोष्ट झाली, आणि जेथे धन्यवाद द्यायचे तेथे आम्ही कंजूषपणा करत नाही. परंतु पाच वर्षांनंतर काय? आणि पहिली ते चौथीची पाड्यावरची शाळा तर या यादीत येतच नाही. जिला अंतर सर्वांत जास्त, तिला दूरशिक्षणाचा पैसा सर्वांत कमी.

हा पेच आजचा नाही. 1854 च्या वुडच्या खलित्याने या देशात शाळांना अनुदान देण्याची पद्धत घातली. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात त्यांचा मुख्य दावा हाच होता की सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. हिशेबाची वही प्रथम त्यांनी उघडली. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1983 साली, महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे धोरण आले. पुढे शाळांच्या बाबतीत तर ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्द निघाला. कामगाराला ‘कायम’ हा शब्द फार प्रिय. त्यासाठी त्याने संप केले, लाठ्या खाल्ल्या. हाच शब्द ‘अनुदान मिळणार नाही’ याला जोडलेला पाहून आम्ही थक्क झालो. 2009 साली तो शब्द काढला. त्यानंतर अनुदान आले ते वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्याने, आणि प्रत्येक हप्त्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसले.

परंतु आपला विषय दूरशिक्षण आहे, तिकडे वळतो.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात भारतात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि करमणूक. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आम्हाला या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती उपग्रह नव्हे. संच बंद पडले तर दुरुस्त करायला माणसे नेमली होती, त्यांची केंद्रे होती, सुटे भाग होते, आणि वीज नसेल तेथे बॅटरी होती. ‘इस्रो’च्या शास्त्रज्ञांना आकाशातले गणित येत होते, आणि जमिनीवरचा फ्यूजही ते विसरले नाहीत. आजच्या योजनांचे कागद वाचताना आम्ही तो फ्यूज शोधत असतो.

वर्ष संपले आणि उपग्रह गेला. पुढे 1983 साली आपला इन्सॅट-1बी आकाशात गेला, आणि उपग्रहावरून शाळांसाठी पाठ दाखवायचे तर ते तयार करणाऱ्या संस्था हव्यात म्हणून सहा राज्यांत त्या निघाल्या. यावेळी महाराष्ट्र होता. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी सुरू झाली. या सभागृहात चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांनी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले असतील. मराठी मुलांसाठी मराठीत, मराठी मातीतले विषय घेऊन हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले. कॅमेरावाले होते, संकलक होते, लेखक होते, निर्माते होते. ते सारे आपल्या कामात मुरलेले कामगार होते, आणि आम्ही कामगार हा शब्द आदराने वापरतो. मग केंद्राकडून येणारे अनुदान थांबले, राज्याने तो भार आपल्या अंगावर पुरता घेतला नाही, पगार रखडले, आणि 2017 साली संस्था बंद झाली.

बंद झाली त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातली प्रत्येक शाळा बंद झाली. त्या दिवशी महाराष्ट्राला सर्वांत जास्त गरज कशाची होती? घरबसल्या मराठीतून शिकवणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची, आणि ते करणाऱ्या कसबी हातांची. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, ती एका संस्थेने पुढाकार घेऊन केली, आणि चांगली केली. जव्हार-मोखाड्याकडे कार्यकर्त्यांनी पाड्यावर ध्वनिवर्धक लावून मुलांना पाठ ऐकवले. ज्यांनी हे केले त्यांना आमचा नमस्कार. पण तेहतीस वर्षे जमवलेली भट्टी आपण आपल्या हाताने विझवली आणि थंडी पडल्यावर काटक्या गोळा करत फिरलो, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. कारखाना बंद करताना मालक म्हणतो, तोटा आहे. बालचित्रवाणीचा तोटा किती होता आणि टाळेबंदीत एका पिढीचे जे नुकसान झाले ते किती, हा ताळेबंद कोणी मांडला नाही.

2004 साली खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह गेला, त्याच्या पहिल्या प्रयोगात आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. 2010 साली त्याचेही आयुष्य संपले. उपग्रहांविषयी एवढे पुरे.

मुक्त विद्यापीठाविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आमच्यासारख्यांचे ते विद्यापीठ. 1 जुलै 1989 रोजी ते स्थापन झाले, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याच्यासाठी त्यांनी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, आणि त्या दारातून एसटीचे वाहक, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, यंत्रावर काम करणारी माणसे पदवीपर्यंत गेली. पुस्तके मराठीत. प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायचे प्रश्न. रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे ते सोडवू शकतो. परंतु आमच्या सोबत्यांपैकी जे टिकले आणि जे मधेच सुटले, त्यांच्यातला फरक पुस्तकाचा नव्हता. रविवारच्या संपर्कसत्राला एखादा जीव लावणारा प्राध्यापक असला की माणूस टिकला. केंद्रावर कुलूप असले, की पुस्तकांचा पुडा घरच्या फळीवर गेला.

आता येथे पैशाचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ते उभारण्यात जेनी ली या मंत्रीबाईंचा मोठा वाटा होता. बाई स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची मुलगी. हे गरिबांचे म्हणून हलके विद्यापीठ होता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. तिथे सरकारच्या शिक्षण खात्याकडून थेट, दरसालचे अनुदान मिळाले, आणि दूरच्या विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शक शिक्षक हा पगारावर नेमला गेला. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचा बहुतेक गाडा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. राज्यांच्या मुक्त विद्यापीठांना विकासासाठी पैसे देणारी दूरशिक्षण परिषद इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या छायेत होती, ती 2013 साली विसर्जित झाली. म्हणजे दिवसा शिकणाऱ्या अनुदानित महाविद्यालयातल्या मुलाच्या प्राध्यापकाचा पगार सरकार देते. पाळी संपवून शिकणाऱ्या कामगाराच्या शिक्षणाचा खर्च मात्र त्याने स्वतः भरायचा. दोघेही कर भरतात. महात्मा फुल्यांची वही अजून मिटलेली नाही ती अशी.

समुदाय महाविद्यालयांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच आटोपली. 1995-96 च्या सुमारास पाँडिचेरी आणि मद्रासकडे ती सुरू झाली. 2013 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी योजना काढली. जवळच्या उद्योगाला लागणारे कौशल्य जवळच्या मुलांना शिकवायचे, अशी साधी आणि चांगली कल्पना. अनुदान मात्र मुदतीचे. मुदतीच्या पैशावर शिकवायला कोण येतो? तासाच्या हिशेबाने पैसे घेणारा, पुढच्या वर्षी असेन की नाही हे ठाऊक नसलेला माणूस. त्याला कंत्राटी कामगार म्हणायचे आपण टाळतो एवढेच.

अमेरिकेची नक्कल करावी असे आमचे मत कधीच नव्हते, आणि आजही नाही. पण तेथील दोन गोष्टी हिशेबाच्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. तिकडे ग्रामीण शाळांना व समुदाय महाविद्यालयांना दूरशिक्षणाच्या साहित्यासाठी अनुदान देते ते शेती खाते, आणि त्यातही ज्या कचेरीचा वंश 1935 साली खेड्यात वीज नेण्यासाठी काढलेल्या कचेरीकडे जातो ती. वीज नेली त्यांनीच पुढे पाठ न्यावेत, यात एक समज आहे. अर्जदाराने निदान पंधरा टक्के वाटा आपला घालायचा असतो. दुसरी गोष्ट अधिक कामाची. 1996 च्या दूरसंचार कायद्याने तेथे शाळांच्या व वाचनालयांच्या इंटरनेटच्या बिलात सवलत सुरू केली. गरिबीप्रमाणे वीस ते नव्वद टक्के. हा यंत्राचा पैसा नव्हे, महिन्याच्या बिलाचा पैसा. आणि तो येतो दूरसंचार कंपन्यांकडून वसूल केलेल्या निधीतून.

असा निधी आपल्याकडे नाही काय? आहे. तुम्ही आम्ही मोबाइलवर जे बोलतो, त्या कंपन्यांच्या उत्पन्नातला काही हिस्सा खेड्यापाड्यांत सेवा नेण्यासाठी वेगळा काढला जातो. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, 2023 च्या कायद्याने तो डिजिटल भारत निधी झाला. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून इंटरनेट जोडणी देण्याची घोषणा झाली. जोडणी होईल तेव्हा होवो. आमचा प्रश्न कामगाराचा आहे : पहिल्या महिन्याची फीत कापल्यावर तेराव्या महिन्याचे बिल कोणाच्या नावावर? आणि चौथीपर्यंतच्या पाड्यावरच्या शाळेला त्या तारेत वाटा आहे की नाही?

शेवटी माणसाचा खर्च. हाच सर्वांत मोठा आणि हाच सर्वांत आधी कापला जातो. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये असलेल्या बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. शाळा आणि मूल यांतले अंतर मुलाने नव्हे, शाळेने चालून संपवायचे, ही दूरशिक्षणाची व्याख्या आम्हाला कोठल्याही ग्रंथापेक्षा अधिक पटते. आणि कुरणात टीव्ही गेला नव्हता, बाई गेल्या होत्या. आजच्या पडद्याशेजारीही कोणीतरी बसले पाहिजे. त्याच पाड्यावरची बारावी झालेली मुलगी, जी पाठ लावील, थांबवील, मुलांना वारली किंवा ठाकरी बोलीत समजावील, बॅटरी पाहील. तिला किमान वेतन द्या. मानधन देऊ नका. अंगणवाडी आणि आशा सेविकांच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, मानधन या शब्दात मानही कमी आणि धनही कमी.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान शाळांवर खर्च कशाला, त्या एकत्र करा. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळवून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणलाच आहे. मग मुलांना नेणार कोण? 2021 च्या दिवाळीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. एसटी कामगारांच्या मागण्या न्याय्य होत्या, आम्ही त्यांच्या बाजूने उभे होतो आणि आजही आहोत. पण त्या महिन्यांत जिथे एसटी हेच एक वाहन होते तिथल्या मुलामुलींची शाळा कशी सुटली, हेही डोळ्यांदेखत घडले. गावातल्या शाळकरी मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास आहे. आमच्या लेखी आजवर दूरशिक्षणाला मिळालेले सर्वांत उपयोगी अनुदान ते. गाडी वेळेवर हवी, एवढेच. ज्यांना पाड्यावरची शाळा मिटवायची आहे त्यांनी आधी खोपटला येऊन गाड्यांची संख्या मोजावी.

आमच्या संघटनेने गेल्या बैठकीत ठराव केला आहे. शाळेच्या संयुक्त अनुदानातून वीज आणि इंटरनेट वेगळे काढावे व ती बिले जिल्हा परिषदेने परस्पर भरावीत. दर तालुक्याला एक दुरुस्तीचे केंद्र असावे, आणि त्यावर कायम कारागीर असावा. बालचित्रवाणीचे कार्यक्रम जेथे पडून असतील तेथून काढून पाड्यांपर्यंत पोहोचवावेत. ठराव जिल्हा परिषदेकडे गेला आहे. उत्तर यायचे तेव्हा येईल.

तोवर एक काम आपल्या हातातले आहे. ठाणे-डोंबिवलीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले वायरमन, फिटर, टीव्ही दुरुस्त करणारे पुष्कळजण येथे बसले आहेत, काही चेहरे ओळखीचे दिसतात. महिन्यातून एका रविवारी कसारा लोकलने आसनगावला जायचे, तेथून पुढे दोन शाळा. गाडीभाडे युनियन देईल, डबा ज्याचा त्याने आणायचा. टेस्टर आणि पक्कड असेल तर उत्तम. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे, तिच्यात नाव आणि कोणते काम येते ते लिहावे. पहिली फेरी पावसाळ्यापूर्वी करायची आहे, कारण त्यानंतर शेवटच्या दोन कोसांचा रस्ता राहत नाही.